भात-पोळी सोडून ६ किलो गेले, ७ परत आले. आता काय करू?

रानजाई:
मी ३९ वर्षांची, नाशिकला असते. दिवाळीनंतर भात, पोळी, साखर सगळं एकदम बंद केलं, सकाळी फळं, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री सूप, दोन महिन्यांत ६ किलो गेले, सगळे किती बारीक झालीस म्हणायला लागले पण मला चक्कर यायची, मुलांवर उगाच खेकसायचे, मग भावाच्या लग्नात जे खायला लागले ते थांबलंच नाही. आता ७ किलो परत आलेत आणि विंचरताना केसांचे पुंजके निघतात. तसलं काही परत करायचं नाहीये. घरात सासू-सासरे आहेत, वेगळा स्वयंपाक जमणार नाही. रोजचं जेवून कुणाचं वजन उतरलंय का? भात सोडावाच लागतो का?

भाकरतुकडा:
माझं उतरलंय गं, वर्षभरात ८ किलो, आणि भात एक दिवस सोडला नाही. आधी तेलाचा हिशोब कर. आम्ही चौघं, महिन्याला ५ लिटरचा कॅन संपायचा, म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर, नुसत्या तेलाच्याच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी! मी कॅनमधून थेट कढईत ओतायचे, हात कुठे थांबतो कळायचंच नाही. आता छोट्या बरणीत काढते आणि पोह्याच्या चमच्याने मोजून घालते, चौघांच्या भाजीला दोन चमचे. वांगी, दोडका, गवार झाकणावर पाणी ठेवून वाफेवर छान शिजतात. आता ३ लिटरमध्ये भागतं आणि सासूबाईंनी एकदाही चव बदलली म्हटलं नाही.

सह्याद्री_७२:
ताई, भाताचा काही दोष नाही. एक मूद भात घ्या पण वरण घट्ट आणि दोन वाट्या, सोबत मटकीची किंवा मुगाची उसळ, कोशिंबीर भरपूर. पोट भरलेलं राहतं, चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. चहा मोजा. मी दिवसाला ४ कप घ्यायचो, कपाला २ चमचे साखर, म्हणजे ८ चमचे, ते मी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. आणि एकादशीची साबुदाणा खिचडी हा हलका आहार नाही हो, पिष्ट, दाणे आणि तूप असतं ते.

मीठभाकर:
केसांचं सांगते, माझंही झालेलं. उपासमार केली की दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, पोटभर आणि प्रथिनं धरून जेवलं की हळूहळू थांबतं. तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासूनच घे, चक्कर आलेली अंगावर काढू नकोस. आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आपण खातो ना, ते आधी बंद कर. त्यांना कमी वाढ, लागलं तर मागतील.

रानजाई:
मुलांच्या ताटाचं वाचून डोळ्यात पाणीच आलं, रोज करते मी ते. रक्त शनिवारी देऊन येते. आज नवीन कॅन फोडला, त्यावर मार्करने तारीख लिहून ठेवलीय. संपला की सांगते किती दिवस पुरला.