नोंद बदलता येत नाही म्हणून ती खरी कशी?

आडवी_रेघ
परवाच्या चर्चेत एका सदस्यांनी लिहिलं होतं: "बाळंतिणींवरच्या संशोधनाचा आणि लसीकरणाचा डेटा गचाळ असतो. उद्योगांनी हा प्रश्न ब्लॉकचेनने, म्हणजे अनेकांकडे एकसारख्या प्रती असलेल्या नोंदींच्या साखळीने, सोडवलाय. एकदा साखळीत गेलेली नोंद कोणी बदलू शकत नाही, म्हणजे दर्जाचा वाद मिटला." दोन दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून वेगळा धागा काढते.

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे बहुतेक ठिकाणी नजरेच्या अंदाजाने ठरतं आणि नजर हमखास कमी सांगते. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह चाचणीचे निकाल आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं. जिथे बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी लावली आणि उपचार एकत्र, ताबडतोब सुरू केले, तिथे अतिरक्तस्राव ९३ टक्के वेळा ओळखला गेला. नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांचा अतिरक्तस्राव कोणाच्या लक्षातच आला नाही. हे अंदाजाचे आकडे साखळीत टाकून काय मिळालं असतं? चुकीवर कायमचं शिक्कामोर्तब. डेटा सुधारला तो प्लास्टिकच्या पिशवीने.

साखळीकर
ते लिहिणारा मीच. तुम्ही अर्धाच मुद्दा घेतलात. मोजमाप चुकणं हा एक रोग, नोंद मागाहून फिरवणं हा दुसरा. ऑडिट येणार म्हटल्यावर तारखा 'सरळ' होतात, हे संशोधनात काम केलेल्या कोणालाही विचारा. साखळीतही दुरुस्ती करता येते, फक्त जुनी नोंद पुसली जात नाही. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कधी बदललं, सगळं दिसतं. वॉलमार्ट या दुकानसाखळीने आंब्याच्या पाकिटाचा माग काढून पाहिला तेव्हा जुन्या पद्धतीने जवळजवळ ७ दिवस लागले होते, साखळीवर २.२ सेकंद. लसीच्या कुपीला हे का नको?

रात्रपाळी
आंबा ओरडत नाही हो. मी प्रसूती विभागात नर्स आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस बाळाला २४ तासांच्या आत द्यायचा असतो, तेव्हा इथे वेळ हाच डेटा. रात्री दोन बाळंतपणं एकदम आली की डोस दिला जातो, नोंद पहाटे होते. संगणक लावतो ती पहाटेची वेळ. वेळेत दिलेला डोस कागदावर उशिराचा ठरतो. उलटंही होतं, उशिरा दिलेला डोस अंदाजाने मागची वेळ टाकून वेळेत बसवला जातो. तुमची साखळी टाइपिंग कधी झालं ते सांगेल, सुई कधी टोचली ते नाही.

साखळीकर
मग नोंद जागच्या जागी करा. शिस्तीचा दोष तंत्रज्ञानावर कशाला ढकलायचा?

रात्रपाळी
शिस्त? रक्तस्राव थांबत नसलेली बाई सोडून मी लॉगिन करू? एका रात्रीसाठी विभागात या, मग शिस्तीवर बोला.

संख्यावेडा
दोघांनीही जरा दमानं. मला तिसऱ्याच गोष्टीचा राग आहे: अनिवार्य रकाने. रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून लोक 'नाही' किंवा शून्य टाकतात. माझ्याकडे डेटा साफ करायला आलेल्या एका अभ्यासात बाळंतिणींच्या मनःस्थितीच्या प्रश्नावलीत ओळीने शून्यं होती. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणारी ही एडिनबर्ग प्रश्नावली १० प्रश्नांची, ३० गुणांची; गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त. पूर्ण शून्य गुण म्हणजे ती बाई अगदी आनंदात, की तिला कोणी विचारलंच नाही? रिकामा रकाना निदान प्रामाणिक असतो. दुसरं, माता-मृत्यूची व्याख्या ४२ दिवसांवर थांबते, आणि बरेच अभ्यासही तिथेच फाइल बंद करतात. पन्नासाव्या दिवशी काही झालं तर ते कोणत्या साखळीत येणार?

आणि साखळीकर, उद्योगांचे दाखले देता म्हणून विचारतो. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स, जहाजाच्या मालाचा साखळीवर माग ठेवणारी यंत्रणा, २०१८ मध्ये वाजतगाजत आलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं. तंत्र चालत होतं, पण सगळा उद्योग हवा तसा एकत्र आला नाही. रुग्णालयं येतील?

कैरी
डेटाबद्दल मला फार कळत नाही, पण माझी नोंद कशी झाली ते सांगते. पहिल्या बाळंतपणात तपासणीत कळलं की मला रुबेलाची (जर्मन गोवराची) प्रतिकारशक्ती नाही. घरी सोडण्याआधी लस मागितली तर सांगितलं, "अंगावर पाजताय ना, मग नको." मी मान डोलावली. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा जुनी फाइल मागवली. त्यात लिहिलं होतं: 'लस रुग्णाने नाकारली.' गरोदरपणात ती लस देता येत नाही, त्यामुळे ते सगळे महिने कोणाला साधा ताप आला तरी माझा जीव टांगणीला.

दक्ष_पालक
नोंद चुकीची, मान्य. पण डॉक्टरांनी सावधगिरी बाळगली यात चूक काय? जिवंत विषाणूची लस आहे. दुधातून बाळाला गेली तर?

संख्यावेडा
गर्भारपणात नको, कारण जिवंत लस. लसीनंतर महिनाभर गर्भ राहू देऊ नये म्हणतात, तेही त्याचमुळे. पण पाजणाऱ्या आईला ती चालते, उलट बाळंतपणानंतर घरी जाण्याआधीच द्यावी असा सल्ला असतो. लसीतला विषाणू दुधात उतरू शकतो, पण बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही. गर्भातल्या बाळाला खऱ्या रुबेलाने काय होतं ते १९४१ मध्ये नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्याने दाखवून दिलंय. जन्मतः मोतीबिंदू.

दक्ष_पालक
'सहसा' या शब्दावर मी माझं मूल सोपवणार नाही. पाजणाऱ्या आयांवर पुरेसं संशोधन आहे कुठे?

आडवी_रेघ
हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा रोख चुकीच्या माणसांवर आहे. २०२० मध्ये फायझरच्या कोविड लसीच्या मोठ्या चाचणीत गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायका वगळल्या होत्या. मग लसीकरण सुरू झालं तेव्हा त्याच बायकांना सांगितलं गेलं, "तुमच्याबद्दल माहिती नाही, तुम्हीच ठरवा." २०२१ मध्ये लस घेतलेल्या आयांच्या दुधात प्रतिपिंडं सापडल्याचे अभ्यास आले. तोवर कितीतरी जणींनी लस घ्यायची म्हणून पाजणं थांबवलं असेल, नाहीतर पाजायचं म्हणून लस टाळली असेल. आधी चाचणीतून काढायचं आणि मग पुरावा नाही म्हणून नाकारायचं!

दक्ष_पालक
चाचणीत घेऊन बाळाला काही झालं असतं तर तुम्हीच पहिला धागा काढला असतात.

कैरी
काढला असता. आणि काढायलाच हवा. पण माझ्या बाबतीत पुरावा होता, सल्ला होता, मी स्वतः मागत होते, तरी मिळाली नाही. तुमच्या सावधगिरीची किंमत मी मोजली आहे, तुम्ही नाही.

साखळीकर
धागा कुठल्या कुठे गेला. विषय डेटाचा होता.

रात्रपाळी
डेटाचाच चाललाय. 'दिली नाही' आणि 'नाकारली' यांतला फरक अजून कळला नसेल तर तुम्ही कोणतीही यंत्रणा उभी करू नका.

साखळीकर
आवाज चढवायची गरज नाही. बरं, एवढं मानतो: टोचल्याची वेळ आणि लिहिल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने हवेत, आणि न दिल्याचं कारण यादीतून न निवडता लिहूनच द्यायला हवं. त्यापलीकडे माझं मत तेच आहे.

आडवी_रेघ
मग हे सगळं बदलांची नोंद ठेवणाऱ्या साध्या डेटाबेसमध्येही होतं. साखळी कशासाठी?

साखळीकर
कारण त्या डेटाबेसची किल्ली, कैरीताईंच्या फाइलमध्ये 'नाकारली' लिहिणाऱ्यांकडेच असते. त्यांनी उद्या ते गुपचूप 'सल्ला दिला' केलं तर तुम्ही काय दाखवणार? तुमच्या पिशवीने हे थांबत नाही.

आडवी_रेघ
नाही थांबत. हा एक मुद्दा तुमचा. पण पैसे मोजकेच असतील तर मी आधी पिशव्या घेईन आणि रात्रीच्या पाळीला आणखी एक नर्स.

कैरी
किल्ली कोणाकडेही असू दे. घरी सोडताना तो कागद मला वाचायला दिला असता तर मी तिथेच सांगितलं असतं की मी नाही म्हटलेलं नाही. लसही तेव्हाच मागून घेतली असती.