डाव्या हातात पकड कमी, तरी कठीण गेम खेळायचेत. काय बदलावं?

रामबाग_मावशी
भाचा १६ वर्षांचा, डाव्या हाताची पकड कमजोर. इंदूरलाच असतो. पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडलाय, कंट्रोलर एक्सबॉक्सचा. सेलेस्ट, हेडीस आणि एल्डन रिंग खेळायचेत. स्टिक फिरवताना एलबी (कंट्रोलरच्या वरच्या कडेचं डावं बटण) धरून ठेवणं जमत नाही. नजर आणि उजवा हात एकदम चपळ, म्हणून सगळं सोपं करून नकोय.

सुदामानगर_प
ताई, मग कठीणपणाला हातच लावू नका, आधी बटण 'धरून ठेवणं' काढा. सेलेस्टमध्ये ग्रॅब मोड 'टॉगल' करा. एकदा दाबलं की भिंत पकडली, पुन्हा दाबलं की सुटली. तरी अडला तर असिस्ट मोडमध्ये वेग १०० वरून ९०, मग ८० टक्के करा (५० पर्यंत उतरतो). इन्व्हिन्सिबिलिटी (कशानंच न मरणं) मात्र बंदच ठेवा, नाहीतर काट्यांना अर्थ उरत नाही.
हेडीसच्या गॉड मोडमध्ये नुकसान २० टक्के कमी होतं, प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के, कमाल ८०. शत्रूंचा वेग तोच राहतो, म्हणून त्याच्यासारख्याला हा मोड शोभतो.

मालवा_पॅड
एल्डन रिंगमध्ये कठीणपणाचा पर्यायच नाही. स्टीममध्ये (पीसीवर गेम चालवायचं अॅप) गेमच्या कंट्रोलर लेआउटमध्ये जा, एलबीशेजारच्या गिअरवर 'सेटिंग्ज' उघडा आणि 'टॉगल' चालू करा, म्हणजे एकदा दाबलं की ढाल वर राहते. मात्र ढाल वर असताना स्टॅमिना (दम) हळू भरतो. शत्रूचा वार संपला की ती खाली घ्यायची सवय लावा, नाहीतर पुढच्या वाराला ढालीचा बचाव मोडतो. स्पिरिट अॅशेस (मदतीला लढणारे आत्मे) जरूर बोलवा, शत्रूचं लक्ष विभागतं.
जेडाय: फॉलन ऑर्डर या गेमनं २०१९ मध्येच पॅरीची (वार परतवण्याची) वेळ, नुकसान आणि शत्रूची आक्रमकता कठीणपणाच्या प्रत्येक पातळीसमोर पट्ट्यांनी दाखवली. एवढी माहिती प्रत्येक गेमनं द्यायलाच हवी.

जेलरोड_सोल्डर
टीव्हीवर 'गेम मोड' लावलाय का? सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू असली तर कित्येक फ्रेम उशीर होतो आणि चपळ मुलगाही चुकतो. हे सगळ्यात आधी बघा.
बाहेरचं बटण हवं असेल तर एलबीच्या स्विचला समांतर दोन तारा सोल्डर करून ३.५ मिमीचं मोनो सॉकेट काढता येतं. कंट्रोलर उघडायला भोकवाला टी८ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो, एक स्क्रू बॅटरीच्या स्टिकरखाली असतो. वॉरंटी जाते, म्हणून जुन्या कंट्रोलरवर करा. स्विचचे पाय मल्टिमीटरनं तपासा: एरवी आवाज नाही आणि दाबल्यावर बीप, तीच जोडी. तारांवर हॉट ग्लू टाका, नाहीतर ओढ बसून सर्किट बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडतो.
जेल रोडवर ६० मिमीचं आर्केड बटण विचारा. प्लायच्या तुकड्यावर बसवून खाली रबर लावा, पायानंही दाबता येतं. तारा बटणाच्या सीओएम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावर जुळणारा) या पायांना जोडा. एनसीला (एरवीच जुळलेला पाय) जोडली तर हात न लावता बटण दाबलेलंच राहील. आणि हे बटण लावल्यावर स्टीममधलं टॉगल काढून टाका.