नागपुरात बेसा-मनीषनगरकडे धड पाळणाघर आहे का?

बेसावाली: मुलगा अडीच वर्षाचा आहे. 26 आठवड्यांची रजा कधीचीच संपली, मग आईनं सांभाळलं, पण आता तिचे गुडघे पार गेले. मी मिहानला जाते, नवरा बुटीबोरीला, घरी यायला सात वाजतात. चार जागा पाहून आली. एका फ्लॅटच्या हॉलमध्ये वीसेक लेकरं, एक बाई न दिवसभर टीव्हीवर कार्टून. दुसरीकडे चकाचक बोर्ड, एसी, पण एवढ्याशा पोराला एबीसीडी गिरवायचा होमवर्क न सुट्टी साडेअकराला!! मंग साडेअकरा ते सात ठेवू कुठं? कोणाला माहीत असन तर सांगा ना.

संत्रीवाला: वस्तीतली अंगणवाडी पाहिली का? लोकांना वाटते तिथं फक्त खिचडी भेटते, पण 1975 पासूनच्या त्या योजनेत 3 ते 6 वर्षाच्या लेकरांचं शिकणं पण आहे. आमची पोरगी गाणी-गोष्टी तिथंच शिकली, पैसे शून्य.

बेसावाली: दादा, त्याला तीन पूर्ण नाहीत, न आमच्या इथली दुपारीच बंद होते.

सेविकेची लेक: माझी आई अंगणवाडी सेविका आहे म्हणून बोलते. शिकवायची भल्ली हौस आहे तिला, पण रजिस्टर, मोबाईलवर माहिती भरणं, गरोदर बायांकडे जाणं, मधातच एखादा सर्व्हे, यातून उरलेल्या वेळात लेकरं, न मे महिन्यात टिनाखालची ती एक खोली. ताराबाई मोडक न अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीला लहान लेकरांना शिकवायचं काम सुरू केलं, लेकरं शाळेत येत नव्हती तर शाळाच अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी न शाळा एकाच जागी केली, कारण मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला घरीच अडकायची. आपण त्यातली अंगणवाडी तेवढी उचलली न पाळणाघर विसरलो.

फाईलवाला: कंपनीत 50 किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, मातृत्व लाभ कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून. दिवसातून 4 वेळा लेकराला पाहून येता येते. एचआरला मेल टाका, तोंडी बोलू नका.

दोन पोरांची माय: पाहायला जाल तर फोन करून जाऊ नका, दुपारी लेकरं झोपून उठतात तेव्हा जा. संडास पाहा. किती लेकरांमागे एक बाई ते विचारा, न लाईन गेली की कुलरचं काय करता ते पण. आम्ही ज्या काकूंकडे ठेवलं होतं तिथं बोर्ड पण नव्हता, पोरगं रोज मातीनं भरून यायचं न मस्त झोपायचं. त्या आता पुण्याला गेल्या, नाहीतर नंबर दिला असता.

बेसावाली: मेल टाकला. एचआर म्हणते किती जणींना पाहिजे ते सांगा. मोजून राहिली, आमच्या मजल्यावरच सात निघाल्या. मिहानमधे अजून कोणी असन तर इथं लिहा.