बेलगाम की बेळगावी? संदर्भसूचीने पार दमवलंय

कणकुंबीचा पाऊस
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यातल्या वनस्पतींवर माझी पीएचडी चालू आहे. पहिला पेपर एका जर्नलला पाठवला, तर तिसऱ्या दिवशी परत. रिव्ह्यूअरपर्यंत गेलाच नाही. एवढीच ओळ, की संदर्भ आमच्या पद्धतीत नाहीत.

थिसिसमध्ये सगळं एपीए पद्धतीने आहे, म्हणजे मजकुरात नाव आणि साल. या जर्नलला व्हँकूव्हर हवंय, म्हणजे मजकुरात नुसते आकडे, संदर्भ ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने. एकूण ६३ संदर्भ. मी हातानेच आकडे घातले. मग गाइड म्हणाले, प्रस्तावनेत कारवीवर एक परिच्छेद घाल. घातला, आणि ४ नंतरचे सगळे आकडे सरकले. दोन रात्री त्यात गेल्या, तरी ३१ आणि ३२ची अदलाबदल राहिलीच.

वर या शंका. जुन्या पेपरांत बेलगाम आहे, मी बेळगावी लिहिते, एकसारखं करू का? कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोराचं, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या जुन्या ग्रंथाचं, साल कुठलं द्यायचं? कारवीच्या शास्त्रीय नावापुढे नीस येतं, त्याचा संदर्भ सूचीत घालायचा का? आणि कानडी लेखकांची आडनावं कुठली धरायची? कुणीतरी सांगा की ओ.

शहापूरचा कुंदा
एवढं काय त्यात? गुगल स्कॉलरवर पेपरखाली सायट म्हणून असतंय बघा, तिथं व्हँकूव्हर पण आहे. कॉपी, पेस्ट. मी ४० संदर्भ एका दुपारीत उरकले.

ग्रंथपाल_निवृत्त
कुंदावाले, तुमच्या वाटेने गेलेली पोरं मग माझ्या टेबलाशी यायची. स्कॉलरचं ते आयतं वाक्य कधी शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत देतं, कधी पानांचे आकडेच गाळतं. शिवाय पेस्ट केलेला आकडा मेलेला असतो. परिच्छेद हलवला की बाईंचं झालं तेच तुमचं होणार.

आता ताई, तुमचं. बेलगामपासून सुरू करतो, कारण ते घरचं दुखणं आहे. इंग्रजीतलं नाव १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावी झालं. त्याआधीच्या लेखाच्या शीर्षकात बेलगाम छापलंय ना? मग बेलगामच राहणार. संदर्भ हा पत्ता आहे. वाचणारा छापलेल्या शब्दांनी शोधायला निघतो, तुम्ही शीर्षकात बेळगावी केलंत तर तो दारातून परत जाईल. तुमच्या स्वतःच्या मजकुरात खुशाल बेळगावी लिहा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात पूर्वीचं बेलगाम, बस्स.

एका मुलाने १८८४च्या गॅझेटियरचा संदर्भ करून आणला होता. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २१वा खंड, आपल्याच जिल्ह्याचा. प्रकाशनस्थळ लिहिलं होतं बेंगळूरु! विचारलं, हे काय रे? तर म्हणे, सर, जिल्हा आता कर्नाटकात आहे ना. म्हटलं बाबा, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला १९५६ला, राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ला, आणि पुस्तक छापलं १८८४ला बॉम्बेत. सीमाप्रश्न संदर्भसूचीत नको आणूस. तो हसला, पण आधी चांगलाच गोंधळला होता.

कुकचंही तसंच. मूळ फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात निघाला, दोन खंडांत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने नंतर तो तीन खंडांत पुन्हा छापला. खंड बदलले की पानांचे आकडेही बदलले. तुमच्या हातात पुनर्मुद्रण असेल तर त्याचंच साल आणि त्याचीच पानं. मूळ साल आणि नव्या आवृत्तीचं पान अशी खिचडी बऱ्याच पेपरांत दिसते. ती तिथून उचलू नका.

नीस म्हणजे ज्याने त्या वनस्पतीला नाव दिलं तो. स्ट्रोबिलँथिस कॅलोसा नीस हे सगळं मिळून एक नाव. त्याला आकडा नाही, सूचीत जागा नाही. त्याचं मूळ वर्णन उघडून त्यावर काही म्हणत असाल तरच.

नावांचं मात्र कुठलंही मशीन धड करत नाही. आपल्याकडे गाव मागे बसतं, कर लावून. दक्षिणेत ते आद्याक्षर होऊन पुढे बसतं. एम. एस. स्वामिनाथन यांच्यातला एम म्हणजे मोंकोंबू, त्यांचं मूळ गाव, आणि एस म्हणजे वडील सांबशिवन. तेव्हा सूचीत स्वामिनाथन एमएस. आपल्या भागातल्या कानडी लेखकांत दोन्ही रीती सापडतात, कुणी हिरेमठसारखं आडनाव शेवटी लावतं, कुणी फक्त आद्याक्षरं आणि नाव. शंका आली तर त्याच लेखकाचे दुसरे दोन पेपर उघडा, त्याने स्वतःला कसं छापलंय ते बघा.

साचा डोळ्यांत बसावा म्हणून मी पोरांना हा एक पाठ करायला लावायचो:
रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१:५०१-२.
आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, अर्धविरामानंतर जागा नाही, शेवटचं पान ५०२ न लिहिता नुसतं २. लेखक सहांहून जास्त असतील तर पहिले सहा आणि पुढे एट अल, म्हणजे आणि इतर. पण व्हँकूव्हर म्हणणारी सगळी जर्नलं एकसारखी नसतात हो. त्यांच्या ताज्या अंकातला एक पेपर छापून शेजारी ठेवा. सूचनांचं पान एक सांगतं आणि अंकात दुसरंच छापलेलं असतं, तेव्हा मी अंकावर विश्वास ठेवतो.

उद्यमबाग नाइट शिफ्ट
सरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त यंत्राचं सांगतो. झोटेरो घ्या, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. वर जादूच्या कांडीचं चिन्ह आहे, तिथे डीओआय, म्हणजे पेपरचा ओळखक्रमांक, टाकला की नोंद आपोआप येते. वर्डमध्ये त्याच्याच बटनाने संदर्भ घाला, मग परिच्छेद कुठेही हलवा, आकडे आपले आपण बदलतात. एपीएचं व्हँकूव्हर करायला एक क्लिक.

पण आलेली नोंद तपासा. शीर्षकावर राइट क्लिक करून सेंटेन्स केस (फक्त पहिलं अक्षर मोठं) केलं की प्रजातीच्या नावाचं पहिलं अक्षरही कधी कधी लहान होतं, ते हाताने मोठं करायचं. नाव तिरपं हवं तर शीर्षकातच त्याच्या आधी-नंतर आयचा टॅग घाला, एचटीएमएलमध्ये घालतो तसा. जर्नलचं नाव छोटं करण्यासाठी मेडलाइनचा, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या सूचीचा, पर्याय आहे, पण आपल्याकडची शेतीची जर्नलं त्यात मिळतीलच असं नाही, त्यांची छोटी नावं स्वतः भरा.

कणकुंबीचा पाऊस
सर, नाइट शिफ्ट, खूप आभार. रविवारभर बसून सगळं झोटेरोत भरलं. ६३चे ५८ झाले! तीन सूचीत होते पण मजकुरात कुठेच नव्हते, आणि दोन पेपर दोनदा आले होते, एकदा लेखकाचं नुसतं आद्याक्षर एन. आणि एकदा पूर्ण नाव. कुक माझ्याकडे पुनर्मुद्रणच निघालं आणि साल मी १९०३ घातलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी सूचीतून उचललेलं. सर, तुम्ही खिचडी म्हणालात तेव्हाच पोटात गोळा आला होता.

आता एकच. जर्नलला फाइल साधी हवी आहे, म्हणून अनलिंक सायटेशन्स दाबलं. बरोबर ना?

उद्यमबाग नाइट शिफ्ट
बरोबर, पण प्रत काढून त्या प्रतीवर. एकदा अनलिंक झालं की तो नुसता मजकूर, झोटेरो त्याला ओळखत नाही. रिव्हिजन आली की परत जुनी फाइल लागणार.

कणकुंबीचा पाऊस
त्याच नावाने सेव्ह करून सोडलंय. थांबा, गाइडना शनिवारी मेल केलेली प्रत सापडते का बघते.