जळजळ झाली की लगेच दुर्बीण? पटत नाही राव

जिरं_हिंग (धागालेखक)
मागच्या महिन्यात बायकोला पंधरा दिवस छातीत जळजळ होत होती. वय ३४, वजन तेवढंच, भूक व्यवस्थित, गिळायला त्रास नाही, काही नाही. फॅमिली डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली त्याने अर्धं बरंही वाटलं होतं. पण मेव्हण्याने आग्रह केला म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तिथे पाच मिनिटांत निकाल, "स्कोपी (म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पोट बघणं) करून घेऊ, एकदाचं क्लिअर होईल". घशात तो कडू स्प्रे, डाव्या कुशीवर झोप, दातांत प्लॅस्टिकची रिंग, झालं. साडेचार हजार. रिपोर्टवर चार रंगीत फोटो आणि खाली 'माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस', म्हणजे जठराच्या खालच्या भागाला किंचित सूज. आणि गोळी कुठली दिली? तीच, आधी चालू होती ती!!

आता लगेच मला अडाणी ठरवू नका. माझ्या वडिलांना २०१९ ला कावीळ झाली, पित्तनलिकेत खडा अडकलेला, अंग खाजवून खाजवून रक्त काढायचे. ईआरसीपी करून तोंडातूनच दुर्बीण नेली, नलिकेचं तोंड थोडं कापलं आणि खडा फुग्याने ओढून काढला, दुसऱ्या दिवशी बाबा चहा मागत होते. याच दुखण्याला माझ्या आजोबांचं पोट फाडलं होतं आणि किती आठवडे पोटातून टी आकाराची नळी बाहेर लोंबत होती. हे तोंड कापायचं तंत्र १९७४ पासूनचं, जर्मनी आणि जपानमधलं, त्या लोकांना माझा दंडवत. म्हणजे उपचार म्हणून दुर्बीण सोन्यासारखी. माझं भांडण आहे ते 'बघून घेऊ' म्हणून उठसूट केलेल्या स्कोपीशी. बोला.

कोथरूडची_काकू
बोलते. माझी धाकटी बहीण, ५८ वर्षांची. आधी भाकरी अडकायला लागली म्हणून पोळी खायला लागली, मग पोळी दुधात कुस्करून, मग नुसती पेज. सगळे म्हणायचे वय झालं, घसा कोरडा पडतो. सात महिने त्या गुलाबी औषधाच्या बाटल्या संपवल्या. शेवटी स्कोपी केली तर अठ्ठावीस सेंटिमीटरच्या पुढे दुर्बीण जाईना. अन्ननलिकेचा कॅन्सर. तुमचे साडेचार हजार गेले ते तुम्हाला दिसले हो, आमचे सात महिने कोणाच्या खात्यावर लिहायचे?

जिरं_हिंग
काकू, वाचून खरंच वाईट वाटलं. पण घास अडकणं हे धोक्याचंच लक्षण आहे ना, वजन उतरणं, रक्त पडणं, हिमोग्लोबिन घसरणं यांच्यासारखंच. तिथे एक दिवससुद्धा थांबू नये असंच मी म्हणेन. मी चौतिशीतल्या साध्या जळजळीबद्दल बोलतोय. दोन्ही एका पारड्यात कशाला घालता?

कोथरूडची_काकू
कारण घरातल्या माणसाला फरक कळत नाही! आम्हालाही ती 'साधी' जळजळच वाटत होती.

राजेहो_वऱ्हाडी
माझ्या मावसभावाचं ऐका बाप्पा. तीन वर्षं ॲसिडिटी ॲसिडिटी म्हणून गोळ्या खाल्ल्या त्यानं, रात्री झोपला की खाल्लेलं पाणी उशीवर यायचं, शेवटी खुर्चीत बसून झोपायचा. स्कोपी दोनदा झाली, दोन्ही वेळा नॉर्मल! मग कुणीतरी बेरियम पाजून एक्स-रे काढला अन् मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी) केली तवा कळलं का अन्ननलिकेचा खालचा वॉल्व्ह उघडतच नाही, अकॅलेशिया. म्हणून कोणी मला म्हटलं ना का स्कोपीनं सगळं क्लिअर होते, तर मी म्हणतो काहून होईन?

पण ट्रीटमेंट पाहा राजेहो. हैदराबादले नेलं, पोएम केलं. तोंडातून दुर्बीण, अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराखाली बोगदा पाडला, बोगद्यातून जाऊन तो आवळलेला स्नायू कापला अन् येताना बोगद्याचं तोंड क्लिपा लावून बंद केलं. पोटावर एक टाका नाही. इनोए नावाच्या जपानी डॉक्टरनं २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केलं म्हणे. भाऊ आता वरणभात खातो अन् आडवा झोपतो. फक्त वॉल्व्ह कायमचा सैल झाला तर आता त्याले खरी ॲसिडिटी झाली 😄 गोळी तीच चालू हाये.

बर्लिनवासी_देशपांडे
इथे पन्नाशी आली की इन्शुरन्सच्या पैशाने कोलोनोस्कोपी (खालून दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं), अमेरिकेत तर २०२१ पासून ४५ वरच सांगतात. लक्षण काहीही नको. मोड (पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरची छोटी वाढ, मूळव्याधीचा नव्हे) दिसला की वायरच्या फासात धरून तिथल्या तिथे कापतात, १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी सुरू केलेली पद्धत. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याचं बी काढून टाकायचं. यापेक्षा भारी तपासणी कुठली सांगा. आपल्याकडे लोक गुडघ्याला बाम चोळत बसतील पण खालून दुर्बीण म्हटलं की लाजतात.

आणि घशाच्या स्प्रेला घाबरणाऱ्यांसाठी: १८६८ मध्ये फ्रायबुर्गला कुसमाउल डॉक्टरने तलवारी गिळणाऱ्या माणसाला ४७ सेंटिमीटरची सरळ, न वाकणारी नळी गिळायला लावली होती. आपली नळी निदान वाकते तरी.

जिरं_हिंग
देशपांडे साहेब, पोलंड, नॉर्वे, स्वीडन इथला मोठा अभ्यास २०२२ ला आला तो बघा. ८४ हजारांवर माणसं, काहींना कोलोनोस्कोपीचं आमंत्रण, बाकीच्यांना नाही. दहा वर्षांनी आतड्याचा कॅन्सर १.२० टक्क्यांवरून ०.९८ टक्के. मृत्यूत म्हणावा असा फरक नाही. आणि भारतात हा कॅन्सर तुमच्या जर्मनीपेक्षा मुळात खूप कमी. तिकडचं औषध तिकडच्या रोगाला.

बर्लिनवासी_देशपांडे
अर्धंच सांगितलंत. आमंत्रण मिळालेल्यांपैकी तपासणीला आलेच ४२ टक्के! लग्नाची पत्रिका पाठवली आणि निम्मे पाहुणे आलेच नाहीत तर स्वयंपाक वाईट होता म्हणणार का?

स्कोपरूम_सिस्टर
बारा वर्षं स्कोपी रूममध्ये आहे म्हणून लिहिते, तुम्ही सगळे करावी की नाही यावर भांडताय पण कशी केली हे कोणीच विचारत नाही. कोलोनोस्कोपीला पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात घालून प्यायची असते, लोक अर्धी पितात अर्धी बेसिनमध्ये ओततात आणि वर सकाळी शिरा खाऊन येतात, मग आत डाळिंबाचे दाणे आणि पालकाची पानं, त्याच्यामागे मोड लपला तर जपानच्या मशीनलाही दिसायचा नाही. दुसरं, दुर्बीण शेवटपर्यंत नेल्यावर परत काढताना निदान सहा मिनिटं सावकाश बघायचं असतं. गर्दीच्या दिवशी माझी नजर घड्याळावरच असते. तिसरं, धुणं. प्रत्येक पेशंटनंतर आतल्या बारीक नळीतून लांब ब्रश फिरवावा लागतो, मग औषधात बुडवणं, सुकवणं. २०१५ मध्ये अमेरिकेत ईआरसीपीच्या दुर्बिणीतून हट्टी जंतू पसरले होते, चांगल्या चांगल्या ठिकाणी. मशीन किती लाखांचं ते नका विचारू, ब्रश कोण मारतं ते विचारा.

आणि जिरं_हिंग दादा, वहिनींचा तुकडा घेतला का? एच. पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी? छोट्या पिवळ्या किटमध्ये तुकडा टाकतात, जंतू असेल तर रंग गुलाबी होतो.

जिरं_हिंग
रिपोर्टमध्ये आहे, 'निगेटिव्ह'.

स्कोपरूम_सिस्टर
गोळी बंद केली होती का आधी? ती निदान दोन आठवडे बंद लागते, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं.

जिरं_हिंग
...नाही. चालूच होती. कोणी विचारलंच नाही.

कोड_आणि_कोथिंबीर
दहा वर्षांत हे सगळं भांडण संपणार आहे. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची, फोटो एआय बघणार, डॉक्टरची गरजच काय. ती कॅप्सूल काढली कोणी तर इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या गॅव्रिएल इड्डान नावाच्या इंजिनिअरने, २००१ ला अमेरिकेत परवानगीसुद्धा मिळाली. क्रांती इंजिनिअरच करतात 😎

गॅस्ट्रोवाला_नाशिककर
पेशाने गॅस्ट्रो (पोटविकारतज्ज्ञ) आहे, त्यामुळे मीठमसाला वजा करून वाचा. कॅप्सूल लहान आतड्यासाठी छान, पण ती फक्त फोटो काढते, तुकडा घेत नाही की मोड कापत नाही. आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी आहे, त्यात आतडं जागोजागी आवळलेलं असतं, कॅप्सूल तिथे अडकली की ती काढायलाच ऑपरेशन.

एआयचं म्हणाल तर स्क्रीनवर मोडाभोवती हिरवी चौकट येते, मदत होते, नाही म्हणत नाही. पण २०२५ ला पोलंडमधूनच एक अभ्यास आला. एआयची सवय लागल्यावर तेच अनुभवी डॉक्टर जेव्हा एआयशिवाय बघायला लागले तेव्हा मोड सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. डोळा आळशी होतो.

धागालेखकाशी मी निम्मा सहमत आहे. तरुण माणूस, धोक्याचं लक्षण नाही, तर आधी विष्ठेची किंवा श्वासाची पायलोरीची तपासणी आणि गोळी, दुर्बीण नंतर. ईआरसीपीही आम्ही आता नुसतं बघायला करत नाही, त्याने शंभरात तीन ते दहा जणांचं स्वादुपिंड सुजतं, म्हणून बघायचं ते एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (दुर्बिणीच्या टोकाला लावलेली सोनोग्राफी). पण पेशंट समोर बसून "काही तपासणी नाही का लिहिणार?" म्हणतो आणि नाही लिहिली तर दुसरीकडे जातो, हेही लिहा कोणीतरी.

कोथरूडची_काकू
म्हणजे गूगल मॅप लावून लावून स्वतःच्या माहेरचा रस्ता विसरायचा, तसं झालं तुमच्या एआयचं.

मालवणी_मसाला
तुमच्याकडे जास्ती, आमच्याकडे नायच. भाच्याने खेळण्यातला बटण सेल गिळला, रात्रीचे साडेनऊ. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून जाळायला सुरुवात करतो, हे डॉक्टरने एक्स-रे बघताना सांगितलं आणि पुढच्या वाक्यात सांगितलं की लहान मुलाची दुर्बीण करणारं जवळ कोणी नाही, गोव्याला न्या. गाडीत वहिनी रडत होती आणि मी घाटात नसलेले शॉर्टकट शोधत होतो. निघाला सेल, पोर वाचलं. पुण्यातली एक जास्तीची स्कोपी आमच्या तालुक्याला द्या, वाद मिटवू.

जिरं_हिंग
मालवणी, घ्या, आमच्या घरातलीच घ्या.
बाकी अपडेट: फॅमिली डॉक्टरांना विचारून हिची गोळी दोन आठवडे बंद केलीय, मग विष्ठेची तपासणी. जळजळ परत सुरू झालीय आणि सगळा राग माझ्यावर, धागा का काढला म्हणून. तरी म्हणणं तेच आहे माझं.

कोथरूडची_काकू
आणि माझं माझं. सिस्टर, तुम्ही आहात का? माझं हिमोग्लोबिन साडेआठ आलंय, मंगळवारी सकाळी वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी आहेत. ती पावडर गार करून प्यायली तर चालते का हो?

स्कोपरूम_सिस्टर
चालते काकू, उलट बरी लागते. स्ट्रॉने प्या, एका दमात नको. आणि डाळिंब, पालक शनिवारपासूनच बंद.