इंग्रजीतल्या 'ओन' या क्रियापदाला मराठीत काय म्हणावं?

एका कथेचा अनुवाद करतेय. वाक्य साधं आहे: 'शी ओन्ड नथिंग बट हर नेम.' मी लिहिलं, 'तिच्या मालकीचं असं फक्त तिचं नाव होतं.' तपासणाऱ्यांनी 'मालकी' खोडून 'स्वामित्व' केलं, कारण मालकी अरबी. मला ते वाक्य आता वाचवत नाही. काय करावं?

– खोडलं ते योग्यच झालं. घरचा शब्द असताना उसना कशाला? आणि 'ओन' मुळात आपल्या 'आपण'वरूनच गेलाय, उच्चार करून पाहा.

– नाही हो, 'आपण' आला 'आत्मन्'पासून, प्राकृतातल्या 'अप्पण'मार्गे. 'ओन'चं जुन्या इंग्रजीतलं रूप 'आगेन', क्रियापद 'आगान', जर्मनमध्ये 'आयगन'. पण तुमचा कयास वाया जात नाही. त्याच मुळातून संस्कृतातला 'ईश्' धातू आलाय. ईष्टे म्हणजे सत्ता चालवतो, मालक असतो. म्हणजे 'ओन' आणि 'ईश्वर' चुलतभावंडं!

– या 'ईश्'चं कर्म षष्ठीत जातं. पाणिनीचं सूत्रच आहे, 'अधीगर्थदयेशां कर्मणि'. आपणही अजून षष्ठीवरच भागवतो: माझं घर, तिचं नाव. 'हॅव'सारखं क्रियापद मराठीला कधी लागलंच नाही. भाऊ 'मला' असतो, पेन 'माझ्याकडे' असतं, ताप 'अंगात' असतो. हा केवढा बारकावा आहे, तो सोडून आपण शब्दाची जात कसली तपासतोय?

– जात नाही, संस्कार. 'स्वामित्वहक्क' सगळीकडे रुळलाच ना?

– त्यातला 'हक्क' अरबीच आहे. आणि आमच्या आजीने आजोबांना जन्मभर 'मालक' म्हटलं. तिच्या तोंडचा शब्द मी परका मानणार नाही.

– 'स्वामित्व' ऐकलं की मला लेखकाचं मानधन आठवतं. कथेतल्या बाईबद्दलच्या वाक्यात ते कसं शोभेल?

– मूळ प्रश्न राहिला बाजूला. बाई, 'तिचं म्हणावं असं नावच काय ते होतं' कसं वाटतं?

– जवळ जातंय. पण 'म्हणावं'मुळे मालकीची धार बोथट होते का, याचा विचार करतेय.

– 'आगान'ची पुढची गंमत राहिलीच. 'ओ', म्हणजे देणं असणं, हे क्रियापद त्याचंच. शेक्सपिअरच्या काळापर्यंत त्याचा 'मालकीचं असणं' हाही अर्थ चालू होता. 'ऑट', म्हणजे करायला हवं, हे त्याचंच जुनं भूतकाळी रूप. बाळगणं, देणं असणं, करायला हवं असणं: एका धातूने तिन्ही उंबरे ओलांडले.

– आपल्याकडे हे काम 'लागणे' करतं! मी तुझं देणं लागतो, मला जावं लागतं, आणि तो माझा मामा लागतो. कर्ज, सक्ती आणि नातं एकाच शब्दात. पण मालकी तेवढी यात येत नाही. की कुठल्या बोलीत येते? कुणी ऐकलंय?