मदत हवी आहे: पॅलिड हॅरियर की माँटेग्यूज?

गवताळ माळावर घिरट्या घालणाऱ्या एका भोवत्याची (हॅरियर, एक शिकारी पक्षी) ओळख पटत नाहीये; पॅलिड आणि माँटेग्यूज या दोन जातींत गोंधळ आहे. छाती-पोट सरसकट नारिंगी, एकही रेघ नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाचा पक्षी धरतोय. पंखाच्या टोकाला चारच बोटं (टोकाची लांब पिसं) सुटी दिसतात, म्हणजे पाच बोटांचा हेन हॅरियर बाद. शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा आहे, पण तो दोघांतही असतो. उपयोग शून्य.

घोडं अडलंय गळपट्ट्यापाशी, म्हणजे मानेवरच्या फिकट पट्ट्यापाशी; तो ठळक आणि सलग असेल तर पॅलिड. कानाजवळचा गडद डाग ठळक आहे. त्यामागचा फिकट पट्टा एका फोटोत सलग वाटतो, मान वळवलेल्या दुसऱ्या फोटोत जवळपास गायब. फोटो उजेडाविरुद्ध काढलेले. उजळ करून पाहिले तर रंगच बदलतात. पक्षी ओळखणारं ॲप दर फोटोला नवं नाव सांगतं (त्यावर विसंबण्यात अर्थ नाही). बसलेल्या पक्ष्याचा फोटो नाही, आवाजही नाही.

पंखाची खालची बाजू मात्र एका फोटोत बरी आलीय: बोटं टोकापर्यंत काळपट, पंखाच्या बाहेरच्या भागाची मागची कडाही गडद. माझा कौल माँटेग्यूजकडे आहे. पण गळपट्टा असा संशयास्पद असताना फक्त बोटांच्या रंगावरून माँटेग्यूज नक्की म्हणता येईल का, की पॅलिडच्या पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांतही बोटं इतकी गडद दिसू शकतात?